तिसऱ्या घंटेची तयारी: लहान मुलाला पहिल्यांदा नाटकाला नेताना

माझ्या लेकीचं पहिलं नाटक सतरा मिनिटं चाललं. नाटक दोन तासांचं होतं, पण सतराव्या मिनिटाला आम्ही दोघी बाहेरच्या पायऱ्यांवर होतो. ती तेव्हा साडेतीन वर्षांची. मी हौसेने दुसऱ्या रांगेतली, अगदी मधोमध तिकिटं काढली होती. नाटक सुरू होण्याआधीची तिसरी, शेवटची घंटा झाली, दिवे गेले आणि तिने माझा दंड घट्ट धरला. पडदा उघडल्यावर ती सावरली, एकदोनदा हसलीसुद्धा. मग पुन्हा काळोख झाला, ढग गडगडले आणि राक्षस विंगेतून न येता प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून गडगडाटी हसत आला. बाकीची पोरं आनंदाने किंचाळली. माझी नुसती किंचाळली. रांगेतल्या सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत, ‘सॉरी सॉरी’ म्हणत मी तिला उचलून बाहेर आणलं. पुढे वर्षभर घरात ‘नाटक’ हा शब्द काढायची सोय नव्हती.

नाटक चांगलं होतं आणि पोरगीही शहाणी होती. मी मात्र तिला ‘शांत बसायचं हं’ एवढंच सांगून नेलं होतं. काळोख होणार, मोठा आवाज होणार, समोरची माणसं खरी असणार, या गोष्टी माझ्या इतक्या अंगवळणी पडलेल्या की त्या सांगायच्या असतात हे डोक्यातच आलं नाही. नंतर तिला, मग दोन भाच्यांना आणि अधूनमधून सोसायटीतल्या पोरांच्या पलटणीला नाटकाला नेलं. त्यातून एक पक्कं कळलं. मुलाला गप्प बसवायला शिकवणं ही नाटकाची तयारी नाहीच. पुढे काय होणार आहे हे त्याला आधी ठाऊक असलं की गप्प बसणं बरंचसं आपोआप जमतं.

कधी न्यायचं, कोणतं नाटक

‘किती वर्षांचा झाला की न्यावा?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. आकडाच हवा असेल तर दोन अंकी बालनाट्याला साडेचार-पाचच्या आसपास. पण वयापेक्षा एक घरगुती कसोटी जास्त उपयोगी पडते: चित्रं न दाखवता, नुसती तोंडी सांगितलेली गोष्ट मूल वीस मिनिटं ऐकतं का? मध्ये प्रश्न विचारले, लोळलं, पाय हलवले तरी हरकत नाही, गोष्टीचा धागा धरून राहायला हवं. ते जमत असेल तर नाटक जमेल. जमत नसेल तर आधी चाळीस-पन्नास मिनिटांचा बाहुल्यांचा खेळ किंवा एखादी छोटी एकांकिका दाखवा.

मराठी घरातल्या मुलांना एक फायदा असतो, तो वाया घालवू नका. गणपतीतल्या मंडळाचे कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, गावच्या जत्रेतला खेळ यांपैकी काहीतरी मुलाने पाहिलेलं असतंच. कोकणात आणि गोव्यात तर दशावतार म्हणजे रात्रभराचा मामला. पोरं चटईवर पुढेच बसतात, तिथेच झोपतात आणि काळ्या वेशातला संकासूर राक्षस आला की कुणीतरी हलवून उठवतं. तिथे पोराला नाटकासाठी ‘तयार’ करण्याची भानगड कुणाला ठाऊकही नाही, कारण उजेड असतो, आईची मांडी असते, उठून जायला अंगण असतं. बंदिस्त वातानुकूलित नाट्यगृहात यातलं काहीच नसतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

नाटक निवडताना जाहिरातीतल्या ‘धमाल’ या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे मुलांसाठी मुद्दाम केलेल्या नाटकांची परंपरा चांगली जुनी आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी 1962 मध्ये बालनाट्य संस्था काढली. या प्रवाहातली नाटकं राजा, राक्षस, चेटकीण, जादू, गाणी अशी भरगच्च असतात. दुसरा प्रवाह ग्रिप्सचा. बर्लिनमधली ही चळवळ 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यात आणली. त्यात जादू नाही, राक्षस नाही. घरातली, शाळेतली रोजची भांडणं असतात आणि मोठी माणसंच मुलांच्या भूमिका करतात. भित्र्या मुलाला चेटकिणीपेक्षा हे बरं, असं मला आधी वाटायचं. पण पाच वर्षांच्या भाच्याला ‘हा काका लहान मुलगा का झालाय?’ हेच शेवटपर्यंत उलगडलं नाही. म्हणून पहिलं नाटक परीकथेचं आणि ग्रिप्ससारखं सहा-सात वर्षांनंतर, असं माझं मत झालंय. तुमच्या मुलाचं वेगळंही निघेल.

परीकथा घेतली की चेटकीण आलीच. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती, 2018 मध्ये ते नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले त्या रूपात दिसले. हे मी नटांचं कौतुक म्हणून सांगत नाही. ‘चेटकीण म्हणजे एक काका आहेत, त्यांनी केस आणि नाक लावलंय’ हे वाक्य मुलासाठी औषधासारखं काम करतं. तुम्ही निवडलेल्या नाटकातला दुष्ट कोण करतं ते बघून ठेवा, त्या नटाचा साधा फोटो मिळाला तर मुलाला दाखवा.

आणि ते नाटक आधी पाहिलेल्या कुणालातरी तीन प्रश्न विचारा: पूर्ण काळोख किती वेळा होतो? नट प्रेक्षकांत उतरतात का? फटाका, गडगडाट, धूर असं काही आहे का? मी हे तीन प्रश्न विचारले असते तर ती सतरा मिनिटं टळली असती.

तिकीट आणि जागा

नाटकांच्या जाहिराती अजूनही वर्तमानपत्रात येतात आणि तिकिटं ॲपवरही मिळतात. पहिल्या खेपेला मात्र जमलं तर तिकीट खिडकीवर जा. समोर कागदाचा प्लॅन ठेवून बसलेला माणूस ‘लहान मूल आहे, पहिल्यांदाच आणतेय’ म्हटलं की योग्य जागा स्वतःच सुचवतो. त्याने हजारो पोरं पाहिलेली असतात. मुलाचं वेगळं तिकीट लागतं का, कितव्या वर्षापासून, हेही तिथेच विचारून घ्या. मांडीवर बसवू म्हणून तिकीट न काढणं हा खोटा हिशेब आहे. दोन तास मांडीवर पाच वर्षांचं पोर म्हणजे दोघांनाही शिक्षा.

पहिल्या दोन-तीन रांगा नकोत. मान वर करून बघावं लागतं, स्पीकर जवळ असतात, रंगमंचावरचा धूर पहिल्यांदा तिथेच उतरतो आणि नटाचा रंगवलेला चेहरा फार मोठा दिसतो. बाल्कनीही नको. पुण्याचं बालगंधर्व किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन ही मोठी नाट्यगृहं आहेत. वरून माणसं बाहुल्यांएवढी दिसतात आणि कठड्याच्या दांड्यामुळे लहान मुलाला अर्धा रंगमंच दिसतच नाही. साधारण सहावी ते दहावी रांग उत्तम. त्यातही वाटेच्या कडेची खुर्ची. कडेला तुम्ही, आत मूल. नट प्रेक्षकांतून येणार असतील तर मधे तुम्ही असता आणि उठावं लागलं तर कुणाचे गुडघे मोडावे लागत नाहीत.

प्रयोगाची वेळ मुलाच्या झोपेवर ठरवा, तुमच्या सोयीवर नाही. दुपारी झोपणाऱ्या मुलाला चारचा प्रयोग म्हणजे संकट. सकाळी अकराचा असेल तर तोच घ्या. रात्री साडेआठचा पहिल्या वेळी अजिबात नको.

आधीचा आठवडा

खरं काम इथे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गोष्ट सांगा. ‘सगळं आधीच कळलं तर मजा जाईल’ ही मोठ्यांची भीती आहे. लहान मुलं एकच गोष्ट चाळीस वेळा ऐकतात ती मजा गेली म्हणून नव्हे. मी गोष्ट जवळजवळ पूर्ण सांगते, फक्त राक्षसाची फजिती नेमकी कशी होते ते राखून ठेवते. पण फजिती होते, राजकन्या सुटते, हे स्पष्ट सांगून टाकते. ऐन भीतीच्या क्षणी मुलाला धरायला तेवढं पुरतं.

मग चादरीचं नाटक. दोन खुर्च्यांना चादर बांधा, हा पडदा. ताटलीवर चमचा वाजवा: पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. तिसरीला खोलीतला दिवा बंद करायचा, दहापर्यंत मोजायचं, मोबाइलची बॅटरी लावायची आणि पडद्यामागून टेडीने बाहेर यायचं. पहिल्या दिवशी दिवा तुम्ही बंद करा, दुसऱ्या दिवसापासून बटण मुलाच्या हातात द्या. स्वतः केलेला काळोख वेगळा असतो. चार दिवसांत माझी लेक ‘अजून काळोख कर’ म्हणू लागली होती. शिवाय तीन घंटा म्हणजे काय हे कळलं की नाट्यगृहात थांबणं सोपं जातं. ‘कधी सुरू होणार?’ला उत्तर असतं: ‘अजून एकच घंटा झाली.’

तिसरं, चेहरा रंगवणं. यातला महत्त्वाचा भाग असा की मुलाचा नाही, तुमचा चेहरा रंगवायचा, आणि तोही त्याच्या डोळ्यांदेखत. काजळाच्या भुवया, लिपस्टिकची जीभ, डोक्यावर काळी ओढणी. ‘हीहीही’ करून दाखवा आणि लगेच नेहमीच्या आवाजात ‘पाणी दे रे बाळा’ म्हणा. मग समोरच चेहरा धुवा. मूल हसत असेल तर दुसऱ्या दिवशी त्यालाच रंगवायला द्या. बाबांनी हे केलं तर परिणाम दुप्पट होतो. भाच्याच्या बाबांनी सुपाचे कान लावले होते. त्या घरी आता कोणताही राक्षस चालत नाही.

आणि टीव्हीपेक्षा नाटक वेगळं कसं, हे एकदा शब्दांत सांगा. ‘तिथली माणसं खरी असतात. आपल्याला ती दिसतात तसे आपणही त्यांना ऐकू येतो. आपण हसलो की त्यांना आनंद होतो. आपण मोठ्याने बोललो तर ती गोंधळतात. आणि ते मागे नेता येत नाही, पुन्हा लावता येत नाही.’ माझ्या धाकट्या भाच्याने यावर विचारलं होतं, ‘मग शू आली तर?’ रास्त प्रश्न. उत्तर: आपण जाऊन येऊ, आल्यावर मी कानात सांगेन काय झालं ते. हे उत्तर आधी दिलेलं असलं की मूल शू दाबून बसत नाही.

त्या दिवशी

पोटभर पण जड नाही असं जेवण, निघण्याच्या तासभर आधी. कपडे सवयीचे. नवा टोचरा झगा किंवा जरीची शेरवानी फोटोत छान दिसते, खुर्चीत नाही. पाऊल टाकलं की लाल-निळे दिवे लागणारे बूट घरी ठेवा. काळोखात तुमचं पोर पाय हलवेल आणि अख्खी रांग उजळेल. शिट्टी वाजणाऱ्या चपलांबद्दल तर बोलायलाच नको.

पिशवीत एक शाल किंवा स्वेटर हवाच. मे महिन्यातही. रिकाम्या पोटापेक्षा एसीच्या गारठ्याने मुलं जास्त किरकिर करतात, असा माझा अनुभव. पाण्याची बाटली, रुमाल, कपड्यांचा एक जादा जोड. शाल खुर्चीवर घडी करून ठेवली की मूल चार बोटं उंच बसतं, हा तिचा दुसरा उपयोग. नाट्यगृहाच्या खुर्च्यांची तिसरीच गंमत असते: बसायची फळी दुमडणारी असते आणि हलकं मूल मागे सरकलं की ती त्याला सँडविचसारखं मिटून टाकते. सुरुवातीला हाताने फळी दाबून धरा, मुलाला पार मागे टेकवून नाही तर पुढच्या काठाशी बसवा.

खाऊ आत न्यायचा नसतो. न्यायची परवानगी असती तरी वेफर्सच्या पुडीचा आवाज शांत प्रवेशात कसा येतो ते एकदा दुसऱ्याच्या पुडीवरून अनुभवा.

पोहोचल्यावर

अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. हा वेळ वाट बघण्याचा नाही, फिरवण्याचा. नाटकाचा मोठा बोर्ड दाखवा, त्यात चेटकीण शोधा. तिकीट मुलाच्याच हातात द्या आणि डोअरकीपरला त्यालाच देऊ द्या. स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून, वापरून या. दारं उघडली की लगेच आत शिरा, हॉल रिकामा आणि उजेडाचा असताना. ‘हा बंद पडदा, त्याच्यामागे ते काका आत्ता तोंड रंगवतायत. हे वरचे दिवे. हे दार, आपण इथून आलो, कंटाळा आला तर इथूनच जायचं.’ बाहेर जायची वाट आधी दाखवलेल्या मुलाला बाहेर जावंसं कमी वाटतं.

पडद्याआडून उदबत्तीचा वास येईल, कधी नारळ फुटल्याचा आवाजही. नटराजाची पूजा चालली आहे म्हणून सांगा. मग घंटा मोजायच्या. बोटं उघडायची: एक, दोन. दुसरीनंतर तुमचा मोबाइल त्याच्यासमोर बंद करा. सायलेंटवर नाही, बंद. तिसरीला हात हातात घ्या आणि कानात म्हणा, ‘आता काळोख. दहापर्यंत मोजूया.’ बहुतेक वेळा सातच्या आत पडदा हलतो.

मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरसारख्या ठिकाणी जाणार असाल तर वेळेबाबत आणखी कडक राहा. तिथे प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत. प्रेक्षागृहही लहान आहे, नट अगदी हाताच्या अंतरावर येतात. काही मुलांना ही जवळीक आवडते, काहींना झेपत नाही.

नाटक चालू असताना

बालनाट्यात मुलं बोलणारच. नायक ‘राक्षस कुठे गेला?’ विचारतो तेव्हा तीनशे पोरं ‘तिकडेऽऽ’ ओरडतात आणि ते तसंच लिहिलेलं असतं. तुमचं पोर ओरडलं नाही तर ढोसू नका, ओरडलं तर दाबू नका. त्रास वेगळ्या बोलण्याचा होतो: शांत प्रवेशातली चालू कॉमेंटरी. त्यासाठी आमचा ठराव आहे, प्रश्न कानात, आणि एका वेळी एक. उत्तर चार शब्दांत. खरं सांगायचं तर प्रेक्षागृहात सगळ्यात जास्त आवाज पोरांना ‘बघ बघ, हत्ती आला’ समजावणाऱ्या आयांचा आणि आजोबांचा असतो. पोराला हत्ती दिसतोय.

भीती वाटली तर ‘घाबरतोस काय, मोठा झालास ना’ हे वाक्य गिळा. मुलाला मांडीवर घ्या, पाठ रंगमंचाकडे करून बसू द्या, कानांवर हात ठेवा. आमच्याकडे ‘चेटकीण कोण?’ असं मी विचारते आणि लेक पुटपुटते, ‘काका.’ एवढ्यावर बरंच निभावतं.

रडू थांबत नसेल तर बाहेर पडायचं, आणि लवकर. ‘आत्ता थांबेल’ म्हणत पाच मिनिटं ओढत बसलं की मूल, तुम्ही आणि समोरचा नट, तिघांचीही परीक्षा होते. बाहेर गेल्यावर पाणी प्या, बोर्ड पुन्हा बघा, मग दाराशी उभं राहून आत डोकावूया का विचारा. उघड्या दाराच्या चौकटीतून, बाहेरचा उजेड पाठीशी ठेवून बघणं पुष्कळ मुलांना जमतं. डोअरकीपरला विनंती करा, ते सांभाळून घेतात. धाकट्या भाच्याने अख्खा पहिला अंक असाच पडद्याच्या फटीतून पाहिला आणि दुसऱ्या अंकाला स्वतः जाऊन खुर्चीत बसला. नाही म्हणालं तर घरी. तिकिटाचे पैसे गेले असं समजून त्याला आत ढकलू नका. ते पैसे तसेही गेलेलेच असतात.

आवाज किंवा झगमगाट सहन न होणारं, स्वमग्न किंवा फार संवेदनशील मूल असेल तर कानावर लावायचे मफ घेऊन जा आणि शक्य असल्यास संस्थेच्या लोकांशी आधी बोला. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी दिवे पूर्ण न घालवता, आवाज कमी ठेवून, ये-जा करायची मुभा असलेले वेगळे प्रयोग होतात. आपल्याकडे असं काही सर्रास होत नाही, म्हणून निर्मात्याला फोन करून ‘मागे दाराजवळ बसू का, मध्ये उठलो तर चालेल का’ एवढं विचारलेलं बरं. हो म्हणणारी माणसं या धंद्यात पुष्कळ आहेत.

मध्यंतर आणि नंतर

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. आधी स्वच्छतागृहाची रांग, मग बटाटेवड्याची. उलट केलंत तर दुसऱ्या अंकाची सुरुवात चुकली समजा. कंटाळलेल्या मुलाला इथेच घरी नेण्यात कमीपणा नाही. अर्धं नाटक हसत पाहिलेलं मूल पुन्हा येतं.

शेवटी नट ओळीने येऊन वाकतात तेव्हा उठून पार्किंगकडे पळू नका. मुलाला खुर्चीवर उभं करा आणि टाळ्या वाजवू द्या. चेटकीण आणि राजकन्या हात धरून उभ्या आहेत, हे त्याने बघायलाच हवं. पुष्कळदा बालनाट्यानंतर नट फोटोसाठी थांबतात. मूल तयार असेल तरच पुढे न्या, नसेल तर लांबून टाटा पुरे. रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत, जायचं असेल तर विचारून, दोन मिनिटांसाठी. त्यांचा पुढचा प्रयोग असतो.

रिक्षात ‘काय शिकलास?’ विचारू नका. ‘तुला कोण आवडलं?’ हेही लगेच नको. आमच्याकडे पहिलं वाक्य साधारण रात्री दात घासताना येतं आणि ते गोष्टीबद्दल नसतंच. ‘त्या झाडाला चाकं होती.’ मला दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी एक जुनी ओढणी आणि दोन खुर्च्या हाताशी ठेवा, बाकीचं ते करतं.

पुढचं नाटक घाईने काढू नका. आणि त्याने तेच नाटक पुन्हा मागितलं तर नव्याचा आग्रह धरू नका, तेच दाखवा. माझ्या लेकीने दुसऱ्यांदा जाताना तिकीट खिडकीवर टाचा उंचावून स्वतः सांगितलं होतं, ‘आम्हाला सातवी रांग, कडेची. आणि राक्षस कुठल्या दाराने येतो?’